उपाशी गाठ राहत नाही, नाना राहतात

पत्र : ताई, माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ६१. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. दिवाळीनंतर त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, यकृतावरही ठिपके आहेत. किमोसाठी ते माझ्याकडे, इंदिरानगरला राहतात. चार किमो झाल्या. गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी केली, तिच्यात ‘के-रास जी१२डी’ म्युटेशन आहे असं आलं. माझ्या भावाने मोबाइलवर वाचलं की हे म्युटेशन असलेल्या पेशी साखरेवर जगतात, साखर तोडली की उपाशी मरतात. त्या दिवसापासून नानांचा भात, पोळी, गूळ, फळं सगळं बंद. वजन ६४ वरून ५७ वर आलंय. आता एके ठिकाणी व्हिटॅमिन सीच्या सलाइनचं पॅकेज सांगितलंय. भाऊ म्हणतो, बागेचे पैसे आले की करू. परवा त्याने बागेतले पहिले घड आणले, सगळ्यांना दिले आणि नानांसमोरची ताटली उचलली. नाना काही बोलले नाहीत. म्युटेशनवर नेम धरून पेशी उपाशी मारता येतात हे खरं की खोटं? आणि हे म्युटेशन आम्हा भावंडांतही असेल का? — एक मुलगी, नाशिक

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझी मुलगी तुझ्याच वयाची, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी आजचं काम सांगते, बाकीचं नंतर. आज संध्याकाळी नानांना मऊ भात, मुगाचं वरण आणि वर चमचाभर तूप दे. डायबिटीस असल्याचं तू लिहिलेलं नाहीस. असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरव, पण ताट रिकामं ठेवू नकोस. ६४ किलोंच्या माणसाचे सात किलो गेले म्हणजे वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त गेलं. सहा महिन्यांत पाच टक्के आपोआप उतरले तरी कॅन्सरच्या रुग्णात आम्ही आहारतज्ज्ञ कान टवकारतो. पुढच्या किमोच्या आधी हा आकडा डॉक्टरांच्या कानावर गेलाच पाहिजे.

आता भावाबद्दल. तो वेडं काहीतरी बोलतोय असं मी म्हणणार नाही. त्याने वाचलेलं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार मोलाचं आहे. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात हे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच पाहिलं होतं. भरपूर ऑक्सिजन असतानाही त्या साखर नीट जाळत नाहीत, तिचं लॅक्टिक आम्ल करून टाकतात. पेट स्कॅन यावरच चालतो: किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि गाठ तिथे उजळते. नानांचा पेट स्कॅन झाला असेल तर ती फिल्म भावाला एकदा नीट बघायला सांग. गाठ उजळलेली दिसेल, पण मेंदूही उजळलेला दिसेल. मेंदूला रोज साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. शरीर ते त्याला पुरवतंच, माणसाने खाल्लं काय आणि न खाल्लं काय.

कसं पुरवतं, ते महत्त्वाचं आहे. भात-पोळी बंद झाली की यकृत आपल्याकडची साठवलेली साखर सोडतं. ती एखाद्या दिवसात संपते. मग शरीर स्नायू फोडतं आणि त्यातल्या प्रथिनांपासून यकृत नवी साखर बनवतं. रक्तातली साखर जवळजवळ तिथेच राहते आणि गाठ त्याच रक्तातून आपला वाटा घेत राहते. नानांच्या दंडावरचं आणि मांड्यांवरचं मांस तेवढं गेलं.

के-रास हे पेशीला वाढीचा हुकूम देणारं जनुक. ते बिघडलेल्या पेशींचं तर आणखी एक आहे. त्या फक्त साखरेवर जगत नाहीत. २०१३ साली दोन शोध प्रसिद्ध झाले. एकात दिसलं की के-रास बिघडलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरपेशी ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल वेगळ्याच वाटेने वापरतात. दुसऱ्यात दिसलं की के-राससारखी जनुकं बिघडलेल्या पेशी आजूबाजूच्या द्रवातली प्रथिनं घोट घेतल्यासारखी आत ओढून पचवतात. आणि रक्तातलं ग्लुटामिन मुख्यतः येतं कुठून? स्नायूंतून. एक दार बंद केलं तर ही पेशी दुसऱ्या दाराने जेवते, हे तिच्या म्युटेशनमुळेच होतं. भावाने वाचलेल्या मेसेजमध्ये हे नसणार.

मग पेशींची उपासमार खोटीच का? नाही. तिथेच तर सगळी गंमत आहे, आणि ती तुम्हा शेतकऱ्यांच्या घरात मला सोप्या भाषेत सांगता येईल. येवला-निफाडकडे मका पेरला की तणासाठी ॲट्राझिन मारतात. ते औषध मक्यावरही पडतं, तणावरही पडतं. मका उभा राहतो, तण जळतं. कारण मक्याकडे ते औषध निकामी करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आहेत, बहुतेक तणांकडे ती पुरेशी नाहीत. आता कुणी म्हणालं, “ॲट्राझिन कशाला, शेताचं पाणीच तोडू, तण आपोआप मरेल,” तर तुझा भाऊच त्याला बांधावरून परत पाठवेल. आधी मका वाळेल, हरळी शेवटपर्यंत तग धरून राहील.

कॅन्सरच्या चयापचयावरची जी औषधं खरोखर लागू पडली, ती सगळी ॲट्राझिनच्या जातीची आहेत. नेम गाठीच्या पेशीतल्या एखाद्या नेमक्या उणिवेवर. स्वयंपाकघराचा तिथे संबंध नाही. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ॲस्परॅजिनेज हे इंजेक्शन देतात. आपल्या बहुतेक निरोगी पेशी ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करू शकतात. त्या ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसं करता येत नाही, रक्तातून उचलावं लागतं. इंजेक्शन रक्तातलंच ॲस्परॅजिन तोडून टाकतं. मूल जेवत राहतं, पेशी उपाशी मरते. ॲस्परॅजिन नसलेला स्वयंपाक कुणी करू म्हणेल तर करता येणार नाही, आणि शरीर ते स्वतः बनवतं म्हणून उपयोगही होणार नाही.

आणि नानांच्या छातीतल्या पोर्टला जो छोटा पंप लावून तुम्ही ४६ तासांसाठी घरी आणता, त्यात काय असतं माहीत आहे का? चार किमो झाल्या म्हणतेस, दोन दिवस पंप लटकवून आणत असाल, तर त्यात फाइव्ह-एफयू असणार. हे औषध म्हणजे पेशींच्या उपासमारीचाच प्रकार आहे. १९५०च्या दशकात असं दिसलं की उंदरांच्या यकृतातल्या गाठी युरॅसिल नावाचा एक कच्चा माल निरोगी यकृतापेक्षा जास्त ओढतात. त्यावरून १९५७ मध्ये युरॅसिलला फ्लोरिन जोडून हे औषध केलं. गाठ त्याला आपलं खाद्य समजून आत घेते आणि डीएनए बांधायला लागणारी एक वीट बनवणारं विकर बंद पडतं. सोबत ल्युकोव्होरिन देतात, ते फॉलिक आम्लाच्याच घरातलं, आणि त्याने औषधाची पकड त्या विकरावर घट्ट बसते.

फॉलिक आम्लाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण ही कथा आपल्या मुंबईपासून सुरू होते. ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर काम करत होत्या. यीस्टच्या अर्कात काहीतरी आहे ज्याने या बायकांचं रक्त वाढतं, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. ते काहीतरी म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक आम्ल. नंतर बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक आम्लाच्या जातीची औषधं देऊन पाहिली, तर आजार वेगाने वाढतोय असं त्यांना वाटलं. मग उलटा विचार झाला: हे खाद्य अडवलं तर? आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत औषधनिर्मितीत होते. त्यांच्या चमूने फॉलिक आम्लाचा तोतया तयार केला, अमिनोप्टेरिन. १९४८ मध्ये फार्बर यांनी तो १६ मुलांना दिल्याचं प्रसिद्ध झालं, १० जणांचा आजार काही काळ मागे हटला. तोवर या आजाराला औषधच नव्हतं. फॉलिक आम्ल असलेली पालेभाजी मुलांना देऊ नका, असा उपाय त्यांनी शोधला नाही, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं.

यातून तुझ्यासाठी एक कामाची गोष्ट: फाइव्ह-एफयू चालू असताना ‘ताकदीची गोळी’ म्हणून फॉलिक आम्लाच्या गोळ्या स्वतःहून देऊ नकोस. ल्युकोव्होरिनसारखंच त्यानेही औषध वाजवीपेक्षा कडक होऊ शकतं, तोंड येणं, जुलाब वाढतात. मेथी-पालकाची भाजी खुशाल कर. गोळी मात्र डॉक्टरांना दाखवूनच.

आता म्युटेशनवर नेम धरण्याबद्दल, तुझा मूळ प्रश्न. हे खरोखर घडलेलं आहे, पण दुसऱ्या म्युटेशनमध्ये. मेंदूच्या काही गाठींमध्ये आयडीएच-१ हे जनुक बिघडलेलं असतं, हे २००८ मध्ये कळलं. हे साखरेच्या ज्वलनातल्या एका विकराचं जनुक आहे. पुढच्याच वर्षी कळलं की बिघडलेलं विकर नुसतं बंद पडत नाही, ते भलतंच रसायन तयार करत बसतं आणि त्या रसायनामुळे पेशी प्रौढ होत नाहीत. मग त्या बिघडलेल्या विकरालाच कुलूप लावणारी औषधं आली. व्होरासिडेनिब हे त्यांपैकी एक, अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालं. ३३१ रुग्णांच्या चाचणीत गाठ वाढण्याआधीचा मध्यक (मधल्या रुग्णाचा) काळ या औषधाने २७.७ महिने मिळाला, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीने ११.१. शोध ते गोळी, सोळा वर्षं. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण अशा गाठींची तरुण मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत.

नेम चुकलाही आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात ग्लुटामिन अडवणारं औषध प्रयोगशाळेत फार छान चाललं. माणसांवरची चाचणी फायदा दिसेना म्हणून थांबवावी लागली. काचेच्या बशीतली पेशी आणि यकृतात बसलेली गाठ यांत एवढं अंतर असतं.

आणि आहाराने नेम धरायचा म्हटलं तर तो उलटाही लागतो. २०१८ मध्ये उंदरांवर दिसलं की इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या पीआय-थ्री-के या साखळीला अडवणाऱ्या औषधांसोबत कार्बोहायड्रेट अगदी कमी, चरबी जास्त असा कीटो आहार दिला, तर इन्सुलिन खाली राहतं आणि औषध चांगलं चालतं. पण त्याच कामात, एका प्रकारच्या ल्युकेमियाच्या उंदरांना औषधाशिवाय नुसता कीटो दिला तेव्हा आजार उलट वेगाने वाढला. आणि २०१७ मध्ये, बीआरएएफ या जनुकात व्ही६००ई म्युटेशन असलेल्या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) गाठी कीटोमधून तयार होणाऱ्या एका रसायनावर उंदरांत फोफावल्या. एकच ताट, म्युटेशन बदललं की परिणाम बदलला. ‘कॅन्सरचा आहार’ म्हणून जो सगळ्यांना एकच तक्ता पाठवतो, त्याला हे विचार.

सलाइनचं पॅकेज. तुमच्या रिपोर्टवरून कुणीतरी ते हेरून सांगितलं असणार, कारण व्हिटॅमिन सी आणि के-रासचा संबंध खरोखर संशोधनात आहे. २०१५ मध्ये असं दिसलं की के-रास किंवा बीआरएएफ बिघडलेल्या आतड्याच्या पेशी साखरेची दारं जास्त उघडी ठेवतात आणि त्याच दारांतून व्हिटॅमिन सीचं ऑक्सिडीकरण झालेलं रूप आत घुसतं. तिथे ते पेशीचा बचावाचा साठा संपवतं आणि साखर जाळणारं एक विकर अडवतं. बशीत आणि उंदरांत पेशी मेल्या. मग चीनमध्ये पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या ४४२ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना नुसती किमो, निम्म्यांना किमोसोबत व्हिटॅमिन सी, तेही किलोला दीड ग्रॅम, दर किमोला तीन दिवस. नानांच्या वजनाला ते रोज सुमारे ८५ ग्रॅम होतं. निकाल २०२२ मध्ये आला. एकूण रुग्णांत गाठ थोपवण्यात फायदा दिसला नाही. रास बिघडलेल्यांच्या गटात थोडा फरक होता, ९.२ महिने विरुद्ध ७.८. पण तो मोठ्या चाचणीतला फक्त एक गट आहे. त्यावरून नवी चाचणी करता येते, पैसे घेऊन पॅकेज विकता येत नाही.

तरी कुणी फार आग्रह केला तर जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी झाली आहे का, एवढं विचार. ते विकर जन्मतः कमी असेल तर इतक्या व्हिटॅमिन सीने तांबड्या पेशी फुटतात. किडनीलाही धोका असतो. आणि सलाइननंतर घरच्या ग्लुकोमीटरवर साखर खोटीच जास्त दिसू शकते. हे न सांगता सुई लावणाऱ्याकडे नानांना नेऊ नकोस. आवळा, मोरावळा मात्र जरूर द्या. आवळ्याने सलाइनइतकी पातळी कधी येत नाही, म्हणून तो औषध नाही. तो अन्न आहे आणि तोंडाला चव आणतो.

मग त्या रिपोर्टचा उपयोग काय? बराच आहे. के-रास जी१२डी म्हणजे त्या प्रथिनातल्या बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल बसलंय. आतड्याच्या कॅन्सरच्या साधारण चाळीस टक्के रुग्णांत के-रास बिघडलेलं सापडतं, नाना एकटे नाहीत. या रुग्णांना सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही महागडी इंजेक्शनं लागू पडत नाहीत. म्हणजे ती टाळणं हा नानांचा त्रास आणि तुमचा पैसा वाचवणारा फायदा आहे. जी१२सी या भावंड-म्युटेशनवर गोळ्या निघाल्या आहेत, पण त्या जी१२डीला चालत नाहीत. नावात एका अक्षराचा फरक असल्याने गोंधळ होतो. जी१२डीवरच्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. डॉक्टरांना विचार, सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नानांना बसणारी चाचणी आहे का, आणि एमएसआयचा, म्हणजे गाठीतल्या पेशींची डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे का ते सांगणारा, रिपोर्ट झालाय का. एमएसआय जास्त आला तर इम्युनोथेरपीची वाट उघडते, आणि आजार आनुवंशिक आहे का याचा धागाही तिथेच मिळू शकतो.

तुम्हा भावंडांबद्दल: हे के-रास म्युटेशन जवळजवळ नेहमीच गाठीत, आयुष्यात नंतर घडलेलं असतं. ते वडिलांकडून तुमच्यात येत नाही. पण वडिलांना हा आजार झालाय म्हणून तुम्ही दोघांनी चाळिशीला कोलोनोस्कोपी करून घ्या. एमएसआय जास्त निघालं तर त्याआधीच जनुकीय सल्ला घ्यायचा.

आता ताट. नानांच्या ५७ किलोंना दिवसाला साधारण १,४०० ते १,७०० कॅलरी आणि ६० ते ८५ ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे नुसत्या अंड्यांनी भागणार नाही: वरण, दही, पनीर, शेंगदाण्याचं कूट, चालत असेल तर मासे. मोठं ताट त्यांना आता बघवणार नाही. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर दे. नाचणीची पेज, त्यात दूध आणि गूळ. होय, गूळ. जुलाब चालू असतील त्या दिवशी दूध बाजूला, ताक-भात पुढे.

ऑक्सॅलिप्लॅटिन हेही औषध सोबत असेल तर थंडीचं सांभाळ. त्याने गार वस्तू लागली की बोटांत आणि घशात मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा वाटतो. जानेवारीत निफाडचा पारा किती खाली जातो ते तुला सांगायला नको. किमोनंतरचे काही दिवस पाणी कोमट, हातमोजे घातलेले, फ्रीजचा दांडा दुसऱ्याने उघडायचा. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नकोस, त्याच रात्री दवाखाना.

एक गोष्ट माझ्या मनावर आहे, ती सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी आहारतज्ज्ञ म्हणून एका आजींना ‘गोड बंद’ लिहून दिलं होतं. तेव्हा मलाही तसंच शिकवलं गेलं होतं. त्यांना पुरणपोळी फार आवडायची. महिन्याभरात वजन इतकं उतरलं की किमो पुढे ढकलावी लागली. त्या पाडव्याला त्यांच्या सुनेने घरात पुरण केलंच नाही, आजींसमोर कसं खायचं म्हणून. आजी त्या वर्षी गेल्या. गोडाने वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही. पण तो पाडवा मी त्यांच्याकडून काढून घेतला, हे मला आजही बोचतं.

भावाशी भांडू नकोस. तो ताटली उचलतो तेव्हा त्याच्या हातात दुसरं काही नाही, डॉक्टर काय करतात ते त्याला कळत नाही, म्हणून जे कळलं ते तो जिवाच्या आकांताने करतोय. त्याला हे पत्र वाचायला दे. मक्याचं त्याला लगेच कळेल. आणि त्याला काम दे: दर रविवारी सकाळी नानांचं वजन त्याने फोनवर विचारून वहीत लिहायचं, पुढच्या किमोला ती वही घेऊन त्यानेच डॉक्टरांसमोर बसायचं.

द्राक्षांचं विचारलं नाहीस, तरी सांगते. औषधांसोबत टाळायला सांगतात ते ग्रेपफ्रूट, ते लिंबाच्या जातीचं फळ, त्याचा तुमच्या बागेशी काही संबंध नाही. निर्यातीच्या मालाला जसा पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी ते तोडणी यांतलं अंतर, पाळता तसा पाळून तोडलेला घड आणायला सांग. वाहत्या पाण्याखाली मणी सुटे करून धू. पांढऱ्या पेशी फार खाली असतील त्या आठवड्यात कच्च्या फळांचं डॉक्टरांना विचार. फ्रीजमध्ये ठेवू नकोस, खोलीतच ठेव. आणि या वेळी ताटली तुझ्या भावानेच नानांसमोर ठेवावी.